राऊंडनंतरची सिगारेट : एका इंटर्नचं प्रकरण

सोमवारी दुपारी आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात तंबाखूमुक्तीची ओपीडी असते. एक टेबल, तीन खुर्च्या आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं हातात मावणारं यंत्र, एवढाच तिचा पसारा. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा, मग नळीत सावकाश सोडायचा. पडद्यावर आकडा येतो. न ओढणाऱ्याचा बहुतेक वेळा पाच-सहाच्या आत असतो, रोज ओढणाऱ्याचा दहाच्या पुढे.

त्या दिवशी समोर साठीतले एक बाबा होते. विडी ओढणारे. फुगा फुगवल्यासारखे जोरजोरात फुंकत होते आणि यंत्र दर वेळी चूक दाखवत होतं. मी शेजारच्या इंटर्नला म्हटलं, "अरे, तू करून दाखव त्यांना."

तो जरा थांबला. मग नवी नळी लावली, श्वास धरला, सोडला. १६. त्यानंतर बाबांना बरोबर जमलं. त्यांचे आले ११. साखर तपासायला उपाशीपोटी यायचं म्हणून त्यांनी पहाटेपासून विडी पेटवली नव्हती. चार-पाच तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर येतो, तेवढा फायदा त्यांना मिळाला. बाबांनी दोन्ही आकडे पाहिले आणि अगदी काळजीनं म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमचं जास्ती हाय की."

मी हसले नाही. तोही नाही. बाबांना त्यांची गोळी-पथ्य समजावून तो बाहेर गेला आणि पाच वाजता ओपीडी आवरताना परत आला. "मॅडम, केसपेपर काढू का माझा?"

तो केसपेपर म्हणजे हे प्रकरण. लिहायला त्याची परवानगी आहे. तरी गाव, वर्ष आणि घरचे काही तपशील मी बदललेत, शिवाय आधीच्या दोघातिघांच्या गोष्टींतले तुकडे यात मिसळलेत. कॉलेज महाराष्ट्रातलं आहे, सरकारी आहे. त्याहून जास्त कळून कुणाचा काही उपयोग नाही.

आधीची ओळख

मी त्याला ओळखत होते, आणि ही ओळखच मला जरा टोचते. तिसऱ्या वर्षाच्या पीएसएमच्या (म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) वायवात, तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला कोहोर्ट अभ्यासाचं, म्हणजे एकाच गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचं, उदाहरण विचारलं होतं. त्यानं घडाघडा सांगितलं. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. ३४,४३९ पुरुष डॉक्टर. पन्नास वर्षं पाठपुरावा. शेवटचा मोठा निबंध २००४ सालचा. ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी जातात. मी मध्येच विचारलं, "डॉक्टरच का निवडले?" तो म्हणाला, "रजिस्टरला नाव असतं मॅडम. कोण कुठे आहे, कधी वारला, शोधायला सोपं." एवढं नेमकं उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नाही.

आणि हे सांगताना त्याच्या तोंडाला बडीशेपेखाली दबलेला सिगारेटचा वास येत होता.

परीक्षकांनी चांगले गुण दिले. मी गप्प बसले. विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेटा, या पाच पायऱ्या मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पहिली पायरी कुठली, हा माझा आवडता प्रश्न आहे. समोर बसलेल्या मुलाला मात्र मी काही विचारलं नाही. परीक्षा चालू होती, हे कारण त्या दिवसापुरतं ठीक. पुढचं दीड वर्ष मला कुठलंच कारण नव्हतं.

घर

मुलगा मराठवाड्यातला. वडील शेतकरी, कापूस आणि सोयाबीन. अप्पांची तंबाखू तो कळायला लागल्यापासून पाहत आलेला. चंची, चुन्याची डबी, तळहातावर मळणं, ओठाखाली चिमूट. दहावीत असताना त्यानं अप्पांची चंची विहिरीत टाकली होती आणि मार खाल्ला होता. मेडिकलला नंबर लागल्यावर तर तो गावातल्या प्रत्येकाला तोंडाच्या कॅन्सरबद्दल सांगत सुटला.

मग सिगारेट कशी? हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यानं असं काही पाहिलं की दोन्ही गोष्टी एका जातीच्या आहेत हे त्याच्या कधी मनातच आलं नसावं. तंबाखू म्हणजे गावाकडची, दात काळे करणारी, पिचकाऱ्या मारायला लावणारी. सिगारेट हॉस्टेलवरची. यात तो एकटा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के, आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यात तंबाखू म्हटलं की ओठाखालची. त्यामुळे घरातून जो धाक, जी शरम मिळते ती चंचीची असते. सिगारेट त्या धाकातून सुटून जाते. पोरगा आपण अप्पांसारखे झालो नाही या समाधानात राहतो आणि दिवसाला दहा ओढतो.

सुरुवात

पहिली सिगारेट डिसेक्शन हॉलच्या दिवसांतली. नाकात बसलेला फॉर्मलिनचा वास धुरानं जातो, असं एका सीनियरनं सांगितलं. हा सल्ला आमच्या वेळीही होता. वास काही जात नाही, नाकालाच वास येईनासा होतो. पहिल्या वर्षी आठवड्याला एखादी, तीही दोघातिघांत फिरवलेली. दुसऱ्या वर्षी पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली, रात्रीची जागरणं आली, दिवसाला दोन-तीन झाल्या. क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं तशा पाच, शेवटच्या वर्षी सात, इंटर्नशिपमध्ये नऊ-दहा. नाइट असली की चौदा.

कधीही पाकीट घेतलं नाही, हा त्याचा अभिमानाचा मुद्दा होता. सगळ्या सुट्या, एकेक करून घेतलेल्या. २०२० च्या सप्टेंबरात राज्यात सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी आली, आणि आमच्या मागच्या गेटच्या टपरीवर त्यानं काहीही फरक पडला नाही. सुतळीला बांधलेला लायटर तेव्हाही होता, आताही आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा २००३ चा कायदा. मी एकदा पावलं मोजली. अंतर निम्मंही भरलं नाही. तशी ती टपरी आणखी लांब ढकलली असती तरी मुलं तेवढी चालत गेली असती, असं मला आता वाटतं. का, ते पुढे येईल.

धूम्रपानाचा एकूण हिशेब केला तर जेमतेम एक पॅक-वर्ष भरलं. रोज वीस सिगारेटी, असं एक वर्ष, म्हणजे एक पॅक-वर्ष. आपल्याकडची पाकिटं बहुतेक दहाची असतात, म्हणून परीक्षेत मुलं इथे हमखास घसरतात. हा घसरला नाही.

तपासणी

छाती स्वच्छ, रक्तदाब ठीक, सकाळी थोडा खोकला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फॅगरस्ट्रॉमची प्रश्नावली मात्र बोलकी निघाली. निकोटिनचं अवलंबित्व मोजायचे सहा प्रश्न, गुण शून्य ते दहा. उठल्यावर किती वेळानं पहिली? अर्ध्या तासाच्या आत : दोन गुण. जिथे मनाई आहे तिथे थांबणं जड जातं का? नाही, ओटीत पाच तास आरामात राहतो : शून्य. दिवसाला दहापर्यंत : शून्य. सकाळच्या वेळी जास्त ओढतोस का? नाही : शून्य. आजारी पडून अंथरुणात असलास तरी ओढतोस का? डेंगी झाला तेव्हा ओढली होती : एक.

उरला तो प्रश्न, सगळ्यात सोडवत नाही अशी सिगारेट कुठली. इथे 'सकाळची पहिली' म्हटलं तर एक गुण, बाकी काहीही म्हटलं तर शून्य. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "राऊंडनंतरची."

एकूण तीन. म्हणजे कमी अवलंबित्व. प्रश्नावली मानली तर या मुलाला सिगारेट सोडणं फार अवघड जायला नको होतं. आणि त्यानं त्याआधी दोनदा सोडून पाहिली होती. एकदा नऊ दिवस टिकला, एकदा चार. दोन्ही वेळा घरी सुट्टीवर असताना काहीच त्रास झाला नाही, आणि वॉर्डात परतल्याच्या पहिल्या दिवशी पेटवली.

शून्य गुणांचं ते उत्तर मी केसपेपरवर लाल पेनानं खाली रेघ मारून लिहिलं.

नोंदवही

त्याला मी आठवडाभर काही सोडायला सांगितलं नाही. फक्त लिहायचं. वेळ, जागा, सोबत कोण, त्याच्या आधी काय चाललं होतं. खिशातली छोटी डायरी, तीच जिच्यात इंटर्न लोक गोळा करायचे रिपोर्ट लिहितात.

आठ दिवसांनी डायरी वाचली तेव्हा मला रुग्णाची हिस्टरी वाचतोय असं न वाटता वॉर्डाचं वेळापत्रक वाचतोय असं वाटलं. साडेदहा, राऊंड संपला, सोबत जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर. दीड, सॅम्पल पोचवून झाली, सोबत दोन इंटर्न. सव्वाचार, अ‍ॅडमिशन लिहून झाल्या. रात्री पावणेबारा, जेआर-वन म्हणाला चल. रात्री तीन, सेंट्रल लाइन टाकून झाली, युनिटची सगळी मंडळी. रविवारी हॉस्टेलवर, एकटा : दोन. दिवसभरात दोनच.

मी विचारलं, "राऊंडनंतर टपरीवर नाही गेलास तर काय करशील?"

"वॉर्डात थांबेन."

"मग?"

"मग कोणीतरी काम सांगेल."

इथे मी पेन खाली ठेवलं. आमच्या हॉस्पिटलात इंटर्ननं 'पाच मिनिटं बसतो' म्हटलं तर तो कामचुकार ठरतो. 'सुट्टा मारून येतो' म्हटलं तर कुणी काही म्हणत नाही, उलट रेसिडेंट म्हणतो, थांब, मीही येतो. चोवीस तासांच्या ड्यूटीत ज्या विश्रांतीला सगळ्यांची मूक मान्यता आहे ती एवढीच, आणि ती मिळवायला हातात सिगारेट लागते. निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, सुटकेची भावना त्याला चिकटते. पण त्या सुटकेतली किती निकोटिनची आणि किती वॉर्डाच्या दाराबाहेर पाऊल टाकल्याची, हे वेगळं काढायला त्या मुलाला कधी संधीच मिळाली नव्हती. दोन्ही गोष्टी कायम एकत्रच आल्या.

डायरीत अजून एक गोष्ट होती, आणि ती लिहिताना तो थोडा अवघडला होता. पहिलं लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं) त्याला करायला मिळालं ते टपरीवर ठरलं. इंटरकॉस्टल ड्रेन (छातीत घालायची नळी) पाहायला मिळाला, तोही. केस कशी होती, सर का भडकले, उद्या कुठला पेशंट ओटीला आहे, हे सगळं तिथे बोललं जातं. राऊंडला जे विचारायची हिंमत होत नाही ते तिथे विचारता येतं. म्हणजे टपरी ही आमच्या कॉलेजची एक अध्यापनाची जागा आहे, आणि तिची फी सिगारेटमध्ये भरायची असते.

याच मुलाच्या तुकडीतल्या एका मुलीला मी सहज विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "मी कटिंग घेऊन उभी राहते मॅडम. धूर खाते, पण केस कळते." बाकीच्या मुली जात नाहीत, आणि त्यांना काय शिकायला मिळत नाही हेही त्यांना कळत नाही. या मुद्द्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

तिशीचा हिशेब

सोडायची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा त्यानं मला जे सांगितलं ते मी एवढ्या वर्षांत कुठल्याही विडीवाल्या बाबांकडून ऐकलं नव्हतं. डॉलच्या त्याच २००४ च्या निबंधात सोडण्याच्या वयाचा हिशेब आहे. साठाव्या वर्षी सोडली तर साधारण तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर दहा, म्हणजे जवळजवळ सगळीच. मुलगा चोवीस वर्षांचा. म्हणाला, "मॅडम, पीजी होईपर्यंत तिशी येत नाही माझी. मग आत्ताच का? तेव्हा सोडली तरी दहाच्या दहा."

शिक्षक म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. आकडा बरोबर होता, वाचन पक्कं होतं. आम्ही समजतो, ज्ञान दिलं की सवय सुटेल. इथे त्याच ज्ञानाचा त्यानं सहा वर्षांचा परवाना करून घेतला होता.

मी म्हटलं, "त्या अभ्यासात तिशीला सोडणारे म्हणून कोण मोजलेत?"

"ज्यांनी तिशीत सोडली ते."

"आणि तिशीत सोडू म्हणून ठरवलेले, पण न जमलेले?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "ते ओढणाऱ्यांच्या रकान्यात."

मग मी त्याला इव्हार्ट्स ग्रॅहमची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे सर्जन. १९३३ साली फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी यशस्वी करून दाखवली, आणि तो रुग्णही डॉक्टरच होता. त्यांच्याच कॉलेजातला अर्न्स्ट विंडर नावाचा एक विद्यार्थी कॅन्सरच्या रुग्णांना सिगारेटबद्दल विचारत फिरू लागला तेव्हा स्वतः भरपूर ओढणाऱ्या ग्रॅहमना ती कल्पना पटली नव्हती. तरी त्यांनी विद्यार्थ्याला अडवलं नाही. १९५० साली दोघांच्या नावानं ६८४ रुग्णांचा निबंध आला. पुराव्यापुढे ग्रॅहमनी सिगारेट सोडली, पण तोवर पन्नास वर्षं ओढून झाली होती. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरनंच गेले. ही गोष्ट मी त्याला घाबरवायला सांगितली नव्हती. मेडिकलच्या विद्यार्थ्यानं प्रोफेसरांच्या सिगारेटवर बोट ठेवल्याची मला माहीत असलेली ही एकच गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. आमच्याकडे उलटंही घडत नाही.

त्यानं तारीख दिली. पुढच्या सोमवारची.

उपचार

अवलंबित्व कमी, त्यामुळे गोळ्यांच्या वाटेला गेलो नाही. त्यातल्या ब्युप्रोपियॉननं झोप उडते, आणि नाइट करणाऱ्या मुलाची झोप आधीच उडालेली असते. निकोटिन गम, दोन मिलिग्रॅमचा, तलफ आली की एक. पहिल्या दिवशी त्यानं तो साध्या च्युइंग गमसारखा चघळला आणि उचक्या लागून आला. गम दोन-चार वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. तोंडात मळून ठेवायची ही पद्धत ऐकून तो म्हणाला, "म्हणजे अप्पांसारखंच की." तसंच. औषध गालातून शोषलं जायला हवं, गिळून उपयोग नाही. आणि चावायच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा थंड पेय नको, कारण तोंड आंबट झालं की शोषण कमी होतं.

चौथ्या दिवशी रात्री फोन. छातीत धडधड, हात थरथरतायत, झोप नाही, चिडचिड. "विड्रॉवल एवढा असतो का मॅडम?" सिगारेट सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला जातो हे खरं, पण ही धडधड मला त्या खात्यात बसेना. विचारलं, चहा किती? सिगारेटऐवजी चहा धरलेला. सात-आठ कटिंग, वर दोन कॉफी.

सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं सीवायपी-१ए-२ हे विकर जोरात चालतं आणि कॅफीन भराभर निकालात निघतं. सिगारेट बंद झाली की ते विकर काही दिवसांत मूळ वेगावर येतं, आणि तेवढ्याच चहातून रक्तात कितीतरी जास्त कॅफीन साठतं. थिओफायलिन या दम्याच्या औषधाच्या बाबतीत हेच सगळं त्यानं फार्माकॉलॉजीत लिहून गुण मिळवले होते. चहा निम्म्यावर आणला, दोन दिवसांत धडधड थांबली. एरवी याच धडधडीला तलफ समजून माणूस पुन्हा पेटवतो. सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला चहाचं विचारायचं, हे मी या प्रकरणात शिकले.

एक अडचण नोंदवायला हवी. इंटर्नशिप पूर्ण झाल्याच्या कागदावर आमच्या विभागाची सही लागते. जिच्या हातात सही आहे तिच्याकडे आपली सवय उघडी करायची, हे कुठल्या मुलाला परवडेल? त्याच्या पोस्टिंगचं मूल्यमापन मी सहकाऱ्याकडे दिलं आणि केसपेपर माझ्या कपाटात, विभागाच्या फायलीत नाही. मुलं आमच्याकडे येत नाहीत त्याचं हे एक कारण असावं. त्यांना मी आधी राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर देते, १८००-११-२३५६. तिथे त्यांना रोल नंबर विचारला जात नाही.

तेविसावा दिवस

आमच्याकडून तो कॅज्युअल्टीला गेला. तिसऱ्या नाइटला कीटकनाशक प्यालेला एक तरुण शेतकरी आला. रात्रभर अ‍ॅट्रोपिन हे विषावरचं औषध चाललं. पहाटे चारच्या सुमारास तो शेतकरी गेला. मुलानं एकट्यानं बराच वेळ छाती दाबली होती. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला सांगायलाही हाच गेला, कारण रेसिडेंट दुसऱ्या पेशंटजवळ होता. बाप त्याच्या अप्पांच्या वयाचा. डोक्याला तसाच रुमाल.

परत आल्यावर जेआरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल."

टपरीवर दोन ओढल्या. तिसरी पेटवली नाही.

सकाळी त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला काहीच बोलले नाही, आणि बोलायला हवं होतं असं आजही वाटत नाही. एखाददुसरी ओढली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. गम चालू ठेव, डायरीत लिही, एवढंच. माझ्या डोक्यात तो 'चल' घुमत होता. आमच्या हॉस्पिटलात पेशंट गेल्यावर ज्याच्या हाताखाली तो गेला त्या पोराचं काय होतं, याची काहीही व्यवस्था नाही. जी आहे ती हा एक शब्द. तो म्हणणारा जेआर काही वाईट माणूस नव्हता. त्या रात्री त्या मुलाकडे लक्ष दिलेला तो एकच माणूस होता.

मुलाला विचारून मी त्या जेआरला भेटले. तोही ओढणारा. अंगावर येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं मला एक प्रश्न विचारला.

"मॅडम, मग त्याला न्यायचं कुठे?"

मी उत्तर शोधू लागले. ड्यूटी रूममध्ये दोन खाटा आणि सहा माणसं. कँटीन दहाला बंद. व्हरांड्यात नातेवाईक झोपलेले. ओपीडीला कुलूप. एवढ्या मोठ्या इमारतीत रात्री चार वाजता दोन डॉक्टरांना दहा मिनिटं न बोलता बसायला जागा नव्हती. गेटाबाहेर होती. तिथे दिवा होता, बाकडं होतं, चहा होता, आणि सुतळीला लायटर होता.

शेवटी त्या दोघांनी रक्तपेढीच्या मागचा जिना शोधला. पायऱ्या बऱ्या, वारा येतो, डास आहेत. जेआरनं घरून किटली आणली. तो स्वतः तिथे बसूनही ओढायचा थांबला नाही. मात्र हा बसला की पेटवत नाही, गेटाबाहेर जाऊन येतो. हॉस्पिटलच्या आवारात ओढलं तर दोनशे रुपये दंडाचा नियम आहे. पण तो दंडाला घाबरून बाहेर जात नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

विभागातर्फे मी रेसिडेंट आणि इंटर्नसाठी रात्री उघडी राहील अशी एक खोली मागितली. 'जागा उपलब्ध नाही' असा शेरा येऊन पत्र परत आलं.

पाठपुरावा

तिसऱ्या महिन्यात आकडा ४. गम बंद. सहाव्या महिन्यात ३. मध्ये एकदा, नीट-पीजीच्या निकालाच्या रात्री, हॉस्टेलच्या गच्चीवर एक ओढली, तीही डायरीत आहे. वर्षानं फोनवर बोललो. दुसऱ्या शहरात रेसिडेंट झालाय, ओढत नाही म्हणाला. यंत्र तिथे नाही, म्हणून मी नोंद 'स्वतः सांगितल्याप्रमाणे' अशी केली.

दिवाळीत तो अप्पांना सगळं सांगून आला होता. मला वाटलं होतं, बाप-लेक मिळून सोडतील. अप्पा हसले म्हणे. "म्हंजे तूबी? आन माझी चंची हिरीत टाकली व्हती." मग गंभीर होऊन म्हणाले, "डाक्टर म्हून ऐकत हुतो तुझं. आता तू बरोबरीला आला." तंबाखू चालूच आहे. पण आता पोरगा आला की ती कशी सुटली, पहिल्या दिवशी काय होतं, गम कितीला मिळतो, असं ते विचारतात. आधी विचारायचे नाहीत.

खोलीसाठी दुसरं पत्र जूनमध्ये दिलं. टपरीवाल्यानं आता रात्रीची उकडलेली अंडी ठेवायला सुरुवात केली आहे.

आणि परवा सोमवारी, ओपीडी आवरत असताना, तो जेआर दारात आला. आता शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "बघू तरी माझा किती येतो." नळी लावून दिली. २२. त्यानं पडद्याकडे पाहिलं, यंत्र हलवून पुन्हा पाहिलं, हसला, आणि राऊंड आहे म्हणून निघाला. दारातून परत वळून टेबलावरची एक कोरी डायरी उचलून खिशात टाकली.

"लिहीनच असं नाही मॅडम," म्हणाला.

केसपेपर अजून काढलेला नाही.